पंचाहत्तर वॅटची साक्ष

माणसाला अंधारातून प्रकाशाकडे नेणं हे जगातलं सर्वांत जुनं आणि पवित्र काम आहे. मी ते बरीच वर्षं करतो आहे. बाजारभावानं, आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या अटीवर.

सरळ सांगायचं तर जुन्या घरगुती सिने-प्रोजेक्टरचे दिवे मी शोधून विकत घेतो आणि ज्यांचे उडाले आहेत त्यांना पोचवतो. ज्यांच्या घरी व्हिडिओच्या आधीच्या काळात छोट्या रिळांवर लग्नं, बारशी आणि काश्मीरच्या सहली उतरवल्या गेल्या, त्यांच्या माळ्यावर अजून ती यंत्रं आहेत. यंत्रं चांगली असतात. त्यांना दिवा नसतो. ते दिवे बनवणं कंपन्यांनी कधीच बंद केलं.

हा धंदा मी निवडला नाही. मी शिरपूर तालुक्यातला. सुरतेला आलो आणि पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात खरेदी विभागाला चिकटलो तो निवृत्तीपर्यंत. बेअरिंग, पट्टे, रबराचे रूळ, बॉयलरच्या काचा, जे मोडेल ते आणायचं. एकदा मालकांच्या मेहुण्यांच्या लग्नाचं रीळ दाखवायचं ठरलं आणि प्रोजेक्टरचा दिवा गेला. मालकांनी विचारलं, ‘खरेदीवाला कुठे आहे?’ मी अकरा दिवसांत दिवा आणला. त्यानंतर सुरतेत कुणाचाही प्रोजेक्टर विझला की माझं नाव निघू लागलं. निवृत्तीनंतर बेअरिंग सुटली, दिवे राहिले.

बाहेरच्या माणसाला या दिव्यांचं एवढं काय ते कळत नाही, म्हणून सांगतो. छोट्या रिळावरचं एक चित्र करंगळीच्या नखापेक्षा लहान असतं. अशी अठरा चित्रं सेकंदाला एका बारीक खिडकीसमोरून सरकतात. भिंतीवर जो काही उजेड दिसतो तो सगळा त्या खिडकीतून गेलेला असतो. म्हणून दिवा लहान लागतो, भयंकर तापणारा लागतो आणि जागच्या जागी लागतो. एक मिलिमीटर मागेपुढे झाला की मधे लख्ख आणि कोपऱ्यांत अंधार. व्होल्ट, वॅट, दोन पिनांमधलं अंतर, आरशाचा व्यास आणि उजेड कुठे गोळा होतो ते, या पाच गोष्टी जुळल्या तर दिवा जुळला. माझ्या पाहण्यात लग्नं याहून कमी चौकशीत जुळतात.

खरेदीचे काही नियम आहेत. पहिला, प्रोजेक्टरचं नाव काढायचं नाही. प्रोजेक्टर म्हटलं की विकणाऱ्याला स्वतःचं बालपण आठवतं आणि भाव चढतो. सूक्ष्मदर्शकासाठी हवा म्हणायचं. विज्ञानाबद्दल कुणालाच जिव्हाळा नाही. दुसरा, खोक्यावर विश्वास ठेवायचा नाही. खोकं कोरं असतं आणि आत वापरून काळा पडलेला दिवा असतो. भिंगातून आतली तार बघायची, वेटोळी सारखी आहेत का, काच स्वच्छ आहे का. तिसरा नियम सगळ्यांत मोठा. आरशाच्या पोटात जी बोटभर काचेची कुपी असते तिला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो, दिवा पेटला की नेमकी तेवढी जागा जास्त तापते, फुगते आणि फुटते. चुकून लागलंच तर कापूस आणि स्पिरिट. आणि चौथा, जो मी स्वतःसाठी केला होता: करंट देण्याआधी झाकण उघडून एकदा बघायचं. या चौथ्या नियमाबद्दल पुढे बोलावं लागणार आहे.

गिऱ्हाइकं बहुतेक मोठ्या घरची. अमेरिकेहून आलेले एक गृहस्थ आठवतात. त्यांनी तिथला प्रोजेक्टर इथे आणला, आजोबांचं रीळ दाखवण्यासाठी हॉल घेतला, समई मागवली, आणि ‘वारसा’ या विषयावर पाऊण तास बोलले. तिथलं यंत्र एकशे दहा व्होल्टवर चालतं, इथे मधे ट्रान्सफॉर्मर लागतो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. भाषणाच्या भरात त्यांनी प्लग थेट भिंतीत घातला. माझा वांग्याएवढा दिवा एक सेकंद सूर्यासारखा पेटला आणि गेला. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम; त्यांनी टाळ्या वाजवल्या. समई शेवटपर्यंत व्यवस्थित चालली.

अशी दहा-बारा माणसं सांगता येतील. पण मला लिहायचं आहे ते जिजींबद्दल. त्यांच्यासारखं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सुभाष नावाचा एक पन्नाशीचा गृहस्थ माझ्याकडे आला. उधन्याला राहणारा, इच्छापोरला ठेकेदाराकडे सुपरवायझर. गोधडीत गुंडाळून त्यानं एक छोटा प्रोजेक्टर आणला होता. बरोबर एकच रीळ, डबीवर गुजरातीत लिहिलेलं: ‘खातुं, दशेरा’. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. ‘नाना, हे आमच्या आईचं,’ तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला, जणू आईनं घरात हत्ती पाळला आहे.

सुभाषचे वडील उधन्याच्या एका खात्यात माग चालवत. ते जाऊन बरीच वर्षं झाली. नुकतंच ते खातं पाडायला काढलं तेव्हा शेठच्या मुलानं जुन्या कारागिरांच्या घरी निरोप धाडला, ऑफिसातलं काही हवं असेल तर घेऊन जा. लोकांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. सुभाषच्या आईनं कपाटातलं हे यंत्र आणि ही डबी मागितली. कपाटात ते आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला आठवतही नव्हतं.

दिव्याची माहिती मी टिपून घेतली, बारा व्होल्ट, पंचाहत्तर वॅट, पन्नास मिलिमीटरचा आरसा. मग नेहमीचा सल्ला दिला. दिव्याच्या मागे लागू नका. मुंबईला रीळ धाडा, तिथे ते मोबाइलवर घालून देतात. हा सल्ला मी सगळ्यांना देतो. निम्मे लोक मानतात आणि माझं गिऱ्हाईक जातं. सुभाष म्हणाला, हेच आईला सांगून बघा.

म्हणून मी उधन्याला गेलो. जिजी ऐंशीच्या घरातल्या, बारीक, ताठ. गल्लीत सगळे त्यांना जिजीच म्हणतात. डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं, त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या शेजारच्या फ्रिजकडे तोंड करून बसल्या. सुरतेत साठ वर्षं काढूनही त्या अहिराणीच बोलतात; मी इथे बहुतेक मराठी करून लिहितो आहे. मी शिरपूरचा हे कळल्यावर मला जिभाऊ, म्हणजे भाऊ, केलं आणि चौकशी न करता चहात साखर घातली.

मोबाइलचं मी काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मोबाइलवर आता काहीबी दिसतं. हा निलेश मला वाघावर बसवून दाखवतो.’

निलेश म्हणजे नातू, सव्वीस वर्षांचा. खरंच त्यानं मला व्हिडिओ दाखवला. नऊवारीतल्या जिजी वाघावर बसून उधना दरवाज्यावरून चालल्या होत्या. वाघ सुरेख होता.

मग हळूहळू भानगड कळली. जिजींचं म्हणणं असं, की फार पूर्वी यजमानांना कावीळ झाली तेव्हा आठ महिने त्यांचे दोन माग त्यांनी चालवले. जागा हातची जाऊ नये म्हणून. त्या काळी खात्यात बायका असत, पण त्या कांड्या भरत. म्हणजे मागात लागणारा आडवा धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळून देत. मागावर उभा राहायचा तो पुरुष. जिजी उभ्या राहिल्या. दसऱ्याला शेठनं नवा कॅमेरा आणून खात्याचं रीळ काढलं त्यात त्या आल्या. दिवाळीत शेठनं ते खात्याच्या भिंतीवर सगळ्यांना दाखवलं. मागावरची बाई बघून लोक हसले, आणि यजमान उठून बाहेर गेले. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. यजमान बरे झाले, मागावर गेले, जिजी कांड्यांवर परतल्या. यजमान वारल्यावर त्यांनी तोंड उघडलं तोवर ऐकणारे नव्या जमान्यातले होते, कुणाला ते खरं वाटेना.

त्यात निलेशचं म्हणणं वजनदार. तो स्वतः पलसाण्याला वॉटरजेट मागांवर टेक्निशियन. पाण्याच्या फवाऱ्यानं धागा फेकणारे, संगणकावर चालणारे माग. तो वाईट मुलगा नाही. आजीची औषधं तोच आणतो. पण लाकडी धोट्याचे जुने माग किती जड, धोटा उसळून लागला तर काय होतं, हे त्याला माहीत होतं आणि म्हणून त्याला पटत नव्हतं. रीळ उजेडात धरून भिंगातून त्यानं पाहिलं होतं. ‘एक बाई उभी आहे खरी, नाना,’ तो मला म्हणाला. ‘पण मागाजवळ उभं राहणं आणि माग चालवणं यात फरक आहे. मी विमानाजवळ उभा राहून फोटो काढलाय.’

मुद्दा बिनतोड होता. उभी आहे की चालवते आहे हे एका स्थिर चित्रात कळत नाही. रीळ फिरलंच पाहिजे, आणि ते फिरवायचं तर दिवा पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालाची कुणाला खरोखर गरज होती.

मी जिजींना सांभाळून विचारलं, की एवढं करून तुम्हाला स्वतःला ते दिसणार किती. त्या फ्रिजकडे बघत म्हणाल्या, ‘माले देखनं नही, जिभाऊ. माले दखाडनं शे.’

मला बघायचं नाही, मला दाखवायचं आहे. मी आजवर पुष्कळ मोठमोठ्या लोकांना दिवे विकले आहेत. दिवा कशासाठी हवा याचं इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

दिवा मिळायला चार महिने लागले. एक भरूचहून आला तो आतून काळा. एकाचा आरसा लहान. शेवटी नवसारीच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत, मालकाच्या बायकोनं शिवणाचं सामान ठेवलेल्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली कोरा दिवा सापडला. सूक्ष्मदर्शकाची थाप मला मारावी लागली नाही; ते काय आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मी मात्र सांगितलं. कारण सांगता येत नाही. जिजींच्या घरी जाऊन आल्यापासून थापा मारणं जमेनासं झालं होतं.

तोवर दुसरी अडचण उभी राहिली. निलेशला इथिओपियातल्या एका कापड गिरणीत दोन वर्षांची नोकरी लागली होती. मंगळवारी पहाटे मुंबईहून विमान, म्हणजे सोमवारीच घर सोडायचं. मी सुभाषला म्हटलं, घाई नको, मुलगा परत आल्यावर सावकाश करू. आतून जिजींचा आवाज आला, ‘दोन वर्षांनी मी इथं असेन असं तुमच्या दिव्याच्या खोक्यावर लिहिलंय का?’ खोक्यावर दिव्याचं आयुष्य पन्नास तास एवढंच लिहिलं होतं. शनिवार ठरला.

शुक्रवारी मी जाऊन दिवा बसवला, दोन मिनिटं पेटवून पाहिला, झाकण लावलं आणि घरातल्या सगळ्यांना तिसरा नियम ऐकवला. काचेला बोट लावायचं नाही. कुणीही. जिजींनी मान डोलावली.

शनिवारी संध्याकाळी गेलो तर खोली भरलेली. सुभाष, त्याची बायको नंदा, निलेश, शेजारपाजारची माणसं. भिंतीवर पांढरी चादर. चहा हातात आला, खुर्ची पुढे आली, आणि मी चौथा नियम विसरलो. झाकण न उघडताच बटण दाबलं.

चादरीवर एक मोटार आली. मोटारीतून शेठ उतरले. शेठनी टोपी सारखी केली, कॅमेऱ्याकडे पाहिलं, पुन्हा टोपी सारखी केली. मग चित्र जांभळं पडलं, आत टप असा आवाज झाला आणि अंधार.

दिवे लावून झाकण उघडलं. काचेच्या कुपीला तडा गेला होता, आणि तड्याच्या एका टोकाला तपकिरी डाग होता. बोटाचा नव्हता. मी वास घेऊन पाहिला आणि वर बघितलं. नंदा पदराशी चाळा करत होती. सकाळी तिनंच झाकण उघडून दिलं होतं. जिजींनी यंत्राची पूजा केली होती, आणि चाचपडत नेमकी जिथून उजेड येतो तिथे हळदकुंकवाची टिकली लावली होती.

‘काचेला बोट लावू नका म्हटलं होतं ना मी?’ माझा आवाज चढला असावा.

‘बोट कुठं लावलं?’ जिजी म्हणाल्या. ‘तुळशीच्या काडीनं लावलं.’

त्यांच्यात खोट काढायला जागाच नव्हती. सूचना त्यांनी अक्षरशः पाळली होती. आणि मी कोणत्या तोंडानं बोलणार होतो? पलसाण्याला दर खंडेनवमीला बॉयलरला, पंपांना, झाडून सगळ्या यंत्रांना मी स्वतः कुंकू लावत आलो. टिकली लागल्याशिवाय यंत्र चालवायचं नाही हे ज्या माणसांत मी आयुष्य काढलं, त्यांच्या घरी दिवा देताना ‘कुंकूसुद्धा नाही’ एवढे दोन शब्द मला सुचले नाहीत. आणि झाकण उघडून बघितलं असतं तर दोन मिनिटांत स्पिरिटनं पुसून टाकलं असतं. चूक पुरती माझी होती.

निलेशनं वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘आजी, शेठ दिसला. तू नाही.’ शेजारी हसले. जिजी हसल्या नाहीत. त्या फुटक्या दिव्याच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, ‘सांच्याला आठ महिने रोज लावत होते. सांचा तर कधी फुटला नाही.’ मागाला त्या सांचा म्हणत. मग उठून, भिंतीला हात लावत आत गेल्या. त्या आवाजात तक्रार नव्हती. आता कुणी विचारणारही नाही, असा तो आवाज होता. निलेशनं तो ऐकला आणि यंत्राची वायर गुंडाळायला लागला.

माझ्याकडे रविवार उरला होता. फक्त एक. अठवालाइन्सला माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, निवृत्त सरकारी अधिकारी. त्यांच्याकडे याच जातीचे चार दिवे आहेत हे मला ठाऊक होतं, कारण ते मीच दिले होते. त्यांचा प्रोजेक्टर दहा वर्षांत सुरू झालेला नाही. शनिवारी रात्रीच मी फोन लावला; सगळी हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, जुन्या काळच्या निष्ठेबद्दल दोन चांगली वाक्यं बोलले, आणि म्हणाले, ‘दिला असता हो. पण मग माझ्याकडे तीनच राहतील.’

मी फोन ठेवला आणि जीभ सवयीप्रमाणे मागच्या दाढेवर गेली. ती दाढ उधन्याच्या डॉक्टर हेमांगिनीबेननी भरलेली. आणि मला ते पिस्तूल आठवलं. दाढेत भरलेला मसाला घट्ट करायला दाताचे डॉक्टर पिस्तुलासारखं एक यंत्र तोंडात धरतात, त्यातून निळा उजेड येतो. नव्या यंत्रांत एलईडी असतं. हेमांगिनीबेनचं जुनं. तोंड उघडं आणि बोलायची बंदी असली की माणूस दिसेल ते वाचतो; दोन वर्षांपूर्वी त्या खुर्चीत आडवा पडून मी त्या यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचली होती. बारा व्होल्ट, पंचाहत्तर वॅट. निळेपणा गाळणीच्या काचेचा. आतला दिवा पांढराच असतो.

रविवारी सकाळी मोजमापाचा व्हर्नियर घेऊन मी त्यांच्या घरी हजर. दवाखाना खालीच. त्यांना वाटलं दाढ दुखते आहे. मी म्हटलं, दाढ नाही, दिवा. त्यांनी गोष्ट ऐकली, उभ्या उभ्या, हातातलं लाटणं तसंच. मग खाली येऊन स्वतः यंत्र उघडलं. पिना जुळल्या. आरसा जुळला. उजेड गोळा व्हायची जागा किंचित पुढे होती. कोपरे काळे पडणार होते. मी म्हटलं, चालेल.

‘काका, दिवो लई जाओ,’ त्या म्हणाल्या, ‘पण काले सवारे नव वागे पाछो जोईए. मारी पासे आ एक ज छे, ने बे दाढ छे.’ उद्या सकाळी नऊला परत हवा. दुसरा नाही आणि दोन दाढा भरायच्या आहेत. पैशाचं मी काढलं तेव्हा त्यांनी लाटणं हलवून मला घालवून दिलं.

दुपारी तीनला उधन्याला पोचलो. या वेळी शेजारी नव्हते; एकदा फसलेल्या खेळाला गर्दी होत नाही. खिडक्यांना गोधड्या लावल्या. मी झाकण उघडलं, पाहिलं, स्पिरिटनं पुसलं, पुन्हा पाहिलं. जिजींना म्हटलं, टिकली लावायची असेल तर बाहेरून, पत्र्यावर लावा. त्यांनी चाचपून यंत्राच्या पत्र्यावर लावली. मग खुर्ची ओढून त्या चादरीकडे चक्क पाठ करून बसल्या. तोंड घरच्यांकडे.

बटण दाबलं. मोटार आली. शेठ उतरले. पण दिवा परका, उजेड मधेच गोळा झालेला. शेठ कायम चित्राच्या कडेला, कारण कॅमेरा धरणाऱ्याला त्यांच्यामागची नवी पाटीही घ्यायची होती. त्यामुळे टोपी, हार, नारळ सगळं काळोखात गेलं आणि लखलखत राहिली ती पाटी. असे अडीच मिनिटं शेठ. साडेतीन मिनिटांच्या रिळात अडीच मिनिटं हा दर मला वाजवी वाटतो. मी याहून वाईट पाहिले आहेत.

मग कॅमेरा आत गेला. मागांच्या दोन ओळी, आणि खिडकीच्या तिरिपेत, बरोबर मधोमध, कासोटा घातलेली एक तिशीची बाई. दोन मागांमध्ये उभी. नुसती उभी. निलेशनं घसा साफ केला.

तेवढ्यात डावीकडच्या मागाची कांडी संपली. बाईनं न बघता गुडघ्यानं दांडी ढकलून माग थांबवला. आतला धोटा काढला. धोटा म्हणजे धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी. तिच्या पोटात कांडी आणि टोकाला बारीक भोक. तिनं रिकामी कांडी फेकली, नवी बसवली, धोटा ओठांना लावला, श्वास ओढून धागा भोकातून बाहेर काढला, तोंडातलं सूत थुंकलं, धोटा जागेवर, दांडी ओढली, माग सुरू. मान तोवर उजव्या मागाकडे वळलेली. सगळं मिळून चार-पाच सेकंद. मग दरवाजा, मग पुन्हा शेठ, मग पांढरी चादर.

रीळ सुटून खटखट वाजत होतं. निलेश उठून चादरीपाशी गेला होता, कधी उठला ते मला कळलं नाही.

‘नाना, परत.’

मी परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तो चादरीला नाक लावून उभा राहिला, इतका जवळ की ती बाई त्याच्या पाठीवरच माग चालवत होती. मग वळून म्हणाला, ‘आजी, धागा तोंडानं ओढायचीस?’

‘मग काय पायानं?’

सुभाष मान खाली घालून बसला होता. तो एकदाच बोलला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही: ‘आबांनी सांगायला पाहिजे होतं.’ यजमानांबद्दल जिजींनी मला कधीही वाकडा शब्द ऐकवला नाही.

निलेश त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि पुढचा अर्धा तास ते दोघं धंद्याचं बोलले. धोटा उसळला तर काय करायचीस, सूत छातीत जायचं का, दोन्ही मागांच्या कांड्या एकदम संपल्या तर. एकदम संपू द्यायच्याच नाहीत, त्या म्हणाल्या; एक संपायच्या आधीच बदलून टाकायची, तेवढं डोकं पाहिजे. त्यानं मान डोलावली, जशी एक टेक्निशियन दुसऱ्याला डोलावतो. मग त्यांनी त्याचे माग विचारले. पाण्यानं धागा उडतो हे ऐकून त्या खुर्चीत पुढे सरकल्या. कापड भिजत नाही का? भिजतं, तो म्हणाला, मग वाळवतात. जिजींनी नंदाला सांगितलं, याला चहा दे, बिचारा धुण्याचं काम करतो.

जाताना त्यांनी मला दारात थांबवलं आणि विचारलं, सगळ्यांची तोंडं कशी झाली होती. चादरीचा उजेड घरच्यांच्या तोंडांवर पडत होता, पण जिजींचे डोळे पुरत नव्हते. मी जसं होतं तसं सांगितलं. निलेशचं दोनदा सांगायला लावलं. चौथ्यांदा रीळ लावू का विचारलं तर म्हणाल्या, नको, दिवा लोकाचा आहे.

मी आयुष्यभर वस्तू आणल्या आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ थोर माणसांची भाषणं ऐकली. पाच दशकं जवळ साक्षीदार नसताना आपलं खरं धरून बसणं, आणि तो साक्षीदार कुठल्या कपाटात आहे हे लक्षात ठेवणं, याला काय म्हणतात ते त्यांतल्या कुणाला सांगता आलं असतं असं वाटत नाही. मलाही येत नाही. मंगळवारी निलेश गेला. रीळ जिजींच्या उशाशी आहे आणि प्रोजेक्टरला सध्या दिवा नाही. मी शोधतो आहे.

उधार आणलेला दिवा मी सोमवारी नऊला दहा मिनिटं कमी असताना स्पिरिटनं पुसून हेमांगिनीबेनना परत दिला. साडेदहापर्यंत दोन्ही दाढा भरून झाल्या होत्या.